मंददृष्टी आणि डोळा झाकण्याचा उपचार

मंददृष्टी : (आळशी डोळा, सुस्त डोळा). योग्य चष्मा देऊनही आणि डोळ्याच्या आत-बाहेर तपासून दृष्टिमांद्याचा उलगडा होईल अशी कोणतीही विकृती न आढळतानाही ज्या डोळ्याने नीट दिसत नाही, त्या डोळ्याच्या अवस्थेस मंददृष्टी म्हणतात. बहुधा ती एकाच डोळ्यास येते. दोन्ही डोळे मंद असण्याचे प्रमाण थोडे आहे. या अवस्थेच्या ग्रीक संज्ञेचा अर्थ ‘बोथट नजर’ असा असून तो पुष्कळसा यथार्थ आहे. ‘आळशी डोळा’ हे रूढ नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. आळस डोळ्याचा नसतो. डोळा प्रतिमा पाठवीत असतो, पण ती ग्रहण करावयास मेंदू बालपणी शिकलेलाच नसतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत शंभर मुलांमागे साधारणपणे एक ते चार मुलांत ही अवस्था आढळली आहे.

तिची कारणे मुख्यतः तीन. एक डोळा तिरळा असला, तर दोन डोळ्यांच्या प्रतिमा एकमेकींवर जुळत नाहीत व दुहेरी दिसू नये म्हणून मेंदू तिरळ्या डोळ्याकडून आलेली प्रतिमा दाबून टाकतो (पहा : तिरळेपणा). दोन डोळ्यांच्या चष्म्यांच्या नंबरांत बरीच तफावत असली, तर ज्या डोळ्याची प्रतिमा सतत अस्पष्ट असते तो मागे पडतो. तिसरे कारण म्हणजे जन्मजात मोतीबिंदू किंवा बाहुली झाकणारी लोंबती पापणी यांमुळे डोळ्यात प्रकाश नीट न जाणे. हे सर्वांत विरळ, पण सर्वांत घातक असते. यांपैकी तिरळेपणा घरच्यांच्या ध्यानात येतो. दुसऱ्या कारणाला मात्र बाहेरून कोणतेही चिन्ह नसते. मूल तक्रार करीत नाही, कारण दोन्ही डोळ्यांनी सारखे दिसावयास हवे हे त्याला ठाऊकच नसते. एके दिवशी खेळता खेळता चांगला डोळा झाकला गेला म्हणजे तेव्हा कोठे गोष्ट उघडकीस येते, आणि तोवर पुष्कळदा उपचाराचा उत्तम काळ निघून गेलेला असतो.

या अवस्थेवरील सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि आजही टिकून असलेला उपाय म्हणजे चांगला डोळा काही काळ झाकून ठेवणे. पट्टीमुळे दुबळ्या डोळ्याला काम करणे भाग पडते. कृती इतकी साधी असूनही ती नेमकी का लागू पडते, किती तास पुरे होते आणि कोणत्या वयापर्यंत उपयोगी पडते, हे कळावयास हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

प्राचीन व मध्ययुगीन उपाय : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांचे ७६ प्रकार वर्णिले असून त्यांतील १२ दृष्टिगत आहेत. नजर मंद होण्याच्या ‘तिमिर’ या विकाराची मीमांसा तेथे डोळ्याच्या पटलांत दोष शिरल्याने होणारा विकार अशी केलेली आहे. रोगाचे स्थान डोळ्यातच असले पाहिजे, ही समजूत भारतीय, ग्रीक व अरबी या तिन्ही परंपरांना समान होती आणि त्या काळाच्या साधनांचा विचार करता ती अस्वाभाविक नव्हती. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य ईजायनाचा पॉल याने तिरळ्या मुलांसाठी भोके पाडलेला मुखवटा सुचविला. सरळ समोर पाहिल्यावाचून मुलाला काही दिसू नये, अशी त्यामागील कल्पना होती. ही मुखवट्यांची परंपरा पुढे जवळजवळ हजार वर्षे टिकली. ड्रेझ्डेन येथील नेत्रचिकित्सक गेओर्ख बार्टिश याने १५८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा मुखवट्यांची चित्रे आढळतात. ती पाहिली, तर ज्या मुलांना ते घालावे लागले असतील त्यांची कीव आल्यावाचून राहत नाही.

चांगला डोळा झाकण्याची कल्पना यांहून वेगळी. तिचा पहिला उल्लेख बगदाद येथे कार्य केलेला गणितज्ञ व वैद्य साबित इब्न कुर्रा (मृत्यू ९०१) याच्या नावावर असलेल्या नेत्रविषयक लेखनात असल्याचे सांगितले जाते. अरबी वैद्यकाची ही परंपरा पुढे यूनानी वैद्यक या नावाने दख्खनेत आली व दौलताबाद–औरंगाबाद परिसरात दरबारी आश्रयाने नांदली.

ब्यूफाँ ते जाव्हाल : झाकणीमागील विचार स्पष्ट शब्दांत मांडण्याचे श्रेय फ्रेंच निसर्गवैज्ञानिक ब्यूफाँ (१७०७–८८) याला दिले जाते. तिरळेपणाच्या कारणांवरील त्याचा निबंध १७४३ चा आहे. त्या वेळी औरंगाबाद ही निजामाच्या राज्याची राजधानी होती व राजधानी हैदराबादेस हलविण्यास अजून वीस वर्षे अवकाश होता. दोन डोळ्यांचे बळ असमान असते म्हणून दुबळा डोळा बाजूस वळतो, असे ब्यूफाँने प्रतिपादिले आणि बलवान डोळा काही काळ झाकल्यास दुबळा सुधारतो, असे अनुभवाने सांगितले. दोन डोळ्यांतील तफावत फार मोठी असेल, तर या उपायापासून फारशी अपेक्षा ठेवू नये, असेही त्याने बजावले होते. त्याची कार्यकारणमीमांसा आज अपुरी ठरली असली, तरी उपाय व त्याची मर्यादा दोन्ही त्याने बरोबर ओळखल्या होत्या. इंग्लंडमध्ये एरॅस्मस डार्विन (चार्ल्स डार्विन यांचे आजोबा) याने १७७८ मध्ये एका तिरळ्या मुलाची हकीकत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याने मुलाच्या नाकावर पडद्यासारखी पट्टी बसवून प्रत्येक डोळ्याला आपापल्या बाजूचेच दिसेल अशी योजना केली होती.

एकोणिसाव्या शतकात तीन गोष्टींनी या विषयाचे स्वरूप पालटले. बर्लिन येथे डीफेनबाख याने १८३९ मध्ये तिरळेपणावर शस्त्रक्रिया केली व झटपट उपायाची आशा निर्माण झाली. हेल्महोल्ट्स याच्या नेत्रांतर्दर्शकामुळे (१८५१) जिवंत डोळ्याचे जालपटल प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. आत सर्व काही ठीक दिसत असूनही रुग्णाला दिसत नाही, ही मंददृष्टीची विलक्षण खूण त्यामुळेच निश्चित झाली. वैद्याला काही दिसत नाही आणि रुग्णालाही फारसे दिसत नाही अशी ही अवस्था, असे तिचे मार्मिक वर्णन जर्मन नेत्रवैद्य फोन ग्रेफे याच्या नावावर सांगतात. पुढे डच शास्त्रज्ञ डोंडर्स याने १८६४ मध्ये डोळ्यांचे आत वळणे व दूरदृष्टिता यांचा संबंध दाखवून दिला. त्यामुळे नुसत्या चष्म्याने कित्येक मुलांचे डोळे सरळ होऊ लागले. मुलांची नजर अंकांत मोजणारा स्नेलेन याचा अक्षरतक्ताही याच सुमाराचा (१८६२) आहे.

शस्त्रक्रियेने डोळा सरळ दिसला तरी त्याची नजर सुधारत नाही, हे अनुभवाने लौकरच कळून आले. फ्रेंच नेत्रवैद्य एमील जाव्हाल (१८३९–१९०७) याच्या बहिणीचा डोळा तिरळा होता. शस्त्रक्रियेऐवजी झाकणी, चष्मा आणि त्रिमितिदर्शकावरील व्यायाम यांचा मेळ घालून त्याने दोन्ही डोळ्यांना एकत्र काम करावयास शिकविण्याची पद्धत बसविली आणि १८९६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पद्धत चिकाटीची होती. एकेका मुलावर महिनेच नव्हे, तर वर्षे खर्च होत. आयुष्यभर इतरांच्या दृष्टीसाठी झटलेला हा वैद्य पुढे काचबिंदूने स्वतः पूर्ण अंध झाला व त्या अवस्थेत त्याने अंधांच्या जीवनावर पुस्तक लिहिले (१९०३).

वर्थ व शॅव्हास : इंग्रज नेत्रशल्यचिकित्सक क्लॉड वर्थ (१८६९–१९३६) याचा तिरळेपणावरील ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार जितका लहान वयात तितका फलदायी, हे त्याने मोठ्या रुग्णसंख्येच्या आधारे ठासून सांगितले. मूल मोठे झाल्यावर तिरळेपणा आपोआप जाईल, असे पालकांस सांगणाऱ्या डॉक्टरांवर त्याचा रोख होता. अगदी लहान मुले पट्टी ओढून काढतात, म्हणून त्याने आणखी एक युक्ती वापरली. केवळ चांगल्या डोळ्यात ॲट्रोपीन घालावयाचे. त्यामुळे बाहुली विस्फारते, जवळचे पाहण्याची त्या डोळ्याची शक्ती तात्पुरती जाते आणि मूल दुबळ्या डोळ्याकडे वळते. थेंब पुसून टाकता येत नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण. ॲट्रोपीन हे बेलाडोना या वनस्पतीपासून मिळविलेले अल्कलॉइड आहे. मराठवाड्यात रस्त्याकडेला उगवणाऱ्या धोतऱ्यातही याच गटातील अल्कलॉइडे असतात. परंतु त्यांचे प्रमाण अनिश्चित असते व विषबाधा होते, म्हणून धोतऱ्याचा रस डोळ्यात घालणे अत्यंत धोक्याचे आहे.

वर्थच्या ग्रंथाची १९३९ ची आवृत्ती बर्नार्ड शॅव्हास याने नव्याने लिहिली. नजरेचा विकास अर्धवट खुंटल्याने आलेली मंदता आणि एकदा विकसित झालेली नजर वापराअभावी विझल्याने आलेली मंदता, असा भेद त्याने केला. पहिली सुधारणे कठीण, दुसरी सुधारणे सोपे, असे तो म्हणे. प्रयोगाचा आधार नसताना केलेला हा तर्क नंतरच्या संशोधनाच्या पुष्कळ जवळ जाणारा ठरला. याच सुमारास अर्न्स्ट मॅडॉक्स याची कन्या मेरी मॅडॉक्स हिच्या कार्यातून डोळ्यांच्या व्यायामोपचाराचा स्वतंत्र व्यवसाय इंग्लंडमध्ये उभा राहिला. मुलांशी गोडीने वागून, आईवडिलांना समजावून रोजचा उपचार करवून घेणारा हा वर्ग निर्माण झाला, म्हणूनच झाकणीचा उपचार रुग्णालयांत रुजला असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमधील बांगर्टर व जर्मनीतील क्यूपर्स यांनी मंद डोळ्याच्या जालपटलावर प्रखर प्रकाश टाकून नजर जागी करण्याच्या पद्धती काढल्या. त्यांसाठी महागडी उपकरणे लागत आणि मुलांना आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावे लागे. काही वर्षे या पद्धतींचा बराच गाजावाजा झाला. शेवटी साध्या पट्टीहून त्या फारशा सरस नाहीत असे दिसून आले व त्या मागे पडल्या. १९७८ मध्ये केंब्रिज येथे रेघांच्या फिरत्या चकत्या मुलाला सात मिनिटे दाखविण्याचा उपचार पुढे आला, तेव्हाही असेच घडले. रेघा नसलेल्या कोऱ्या चकत्या फिरविल्या तरी गुण तितकाच येतो, असे तुलनात्मक चाचण्यांत आढळले. उपचाराच्या वेळी चांगला डोळा झाकलेला असे व मूल दुबळ्या डोळ्याने लक्षपूर्वक काम करी. खरा परिणाम त्याचा असावा. या विषयाच्या इतिहासात नवे यंत्र यावे, त्याचे कौतुक व्हावे आणि अखेर जुनी पट्टीच शिल्लक उरावी, हा प्रकार अनेकदा घडला आहे.

मेंदूतील कारणाचा शोध : मंददृष्टीचे स्थान डोळ्यात नसून मेंदूत आहे, याचा प्रायोगिक पुरावा डेव्हिड ह्यूबेल (१९२६–२०१३) आणि टॉर्स्टेन व्हीझेल (१९२४– ) यांनी हार्व्हर्ड येथे दिला. त्यांचे मूलभूत निबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी नवजात मांजरीच्या पिलांच्या एका डोळ्याची पापणी शिवून टाकली व दोन-तीन महिन्यांनी उघडली. डोळा धड होता, जालपटल कार्यक्षम होते. परंतु मेंदूच्या दृष्टिबाह्यकातील जवळजवळ सर्व कोशिका आता दुसऱ्याच डोळ्याला प्रतिसाद देत होत्या. पूर्ण वाढलेल्या मांजरीचा डोळा तितकाच काळ किंवा त्याहून अधिक काळ बंद ठेवला, तर असे काही होत नसे. १९७० मध्ये त्यांनी या नाजूक काळाच्या मर्यादा ठरविल्या : पिलू सुमारे चार आठवड्यांचे झाल्यापासून ते तीन महिन्यांचे होईपर्यंत. त्या काळात दोन डोळ्यांत मेंदूतील जागेसाठी जणू चढाओढ चालते; जो डोळा काम करतो, तो जागा बळकावतो. आधी शिवलेला डोळा या काळातच उघडून दुसरा शिवला, तर पारडे पुन्हा फिरते असेही इतर संशोधकांनी दाखविले. डोळ्यावरील पट्टी म्हणजे याच उलटापालटीचे सौम्य रूप होय. या कार्याबद्दल दोघांना १९८१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक (रॉजर स्पेरी यांच्यासह) मिळाले. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर न टाकता जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच करावी, हे आजचे धोरण या संशोधनावर आधारलेले आहे.

मांजरीच्या पिलाचे आठवडे माणसाच्या मुलाच्या वर्षांत कसे मोजावयाचे, हा प्रश्न मात्र उरला. वर्थच्या काळापासून सहा-सात वर्षांची मर्यादा सर्वत्र सांगितली जात असे व त्यापुढच्या मुलांना पुष्कळदा तपासणीनंतर तसेच परत पाठविले जाई.

चाचण्यांचे युग : १९९७ मध्ये ब्रिटनमधील एका शासकीय आढाव्याने खळबळ उडविली. शाळापूर्व वयातील मुलांची दृष्टितपासणी व मंददृष्टीवरील उपचार खरोखर उपयोगी आहेत, याला भक्कम पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. नेत्रवैद्य दुखावले, परंतु आढाव्याचे म्हणणे खोटे नव्हते. शेकडो वर्षे वापरात असलेला उपाय कोणी काटेकोर तुलना करून पाहिलाच नव्हता. त्यानंतरच्या दहा वर्षांत ही उणीव झपाट्याने भरून निघाली.

अमेरिकेतील बालनेत्रसंशोधकांच्या गटाने २००२ मध्ये तीन ते सात वर्षांच्या ४१९ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा महिन्यांत पट्टीने व ॲट्रोपीनने जवळजवळ सारखाच, म्हणजे तक्त्यावरील सुमारे तीन ओळींचा फायदा झाला होता. पुढील वर्षी त्याच गटाने १८९ मुलांच्या चाचणीतून दाखविले, की मध्यम प्रतीच्या मंददृष्टीत रोज दोन तास पट्टी व सहा तास पट्टी यांचा परिणाम चार महिन्यांनी सारखाच असतो. तीव्र मंददृष्टीतही सहा तास आणि दिवसभर यांत फरक आढळला नाही. ज्या मुलांना पूर्वी झोपेतून उठल्यापासून निजेपर्यंत पट्टी बांधून शाळेत पाठविले जाई, त्यांच्या दृष्टीने हा शोध केवढा मोठा, हे सांगावयास नको. २००६ मध्ये असेही आढळले, की दोन डोळ्यांच्या नंबरांतील तफावतीमुळे आलेली मंदता सुमारे चतुर्थांश मुलांत केवळ योग्य चष्मा नियमित वापरल्यानेच नाहीशी होते. म्हणून आज प्रथम काही आठवडे चष्मा व नंतर गरज पडल्यास पट्टी, असा क्रम ठेवतात. पट्टी बांधल्यावर मणी ओवणे, धान्य निवडणे, चित्रे रंगविणे अशी जवळची कामे मुलाला दिलीच पाहिजेत, हा जुना दंडकही २००८ मधील ४२५ मुलांच्या चाचणीत टिकला नाही. दूरचे पाहण्याची कामे दिलेल्या मुलांनाही तितकाच गुण आला.

वयाची मर्यादाही ढिली झाली. २००५ च्या चाचणीत ७ ते १२ वर्षांच्या मुलांपैकी पट्टी व थेंब मिळालेल्यांत ५३ टक्के, तर नुसता चष्मा मिळालेल्यांत २५ टक्के मुले सुधारली. तेरा वर्षांपुढे असा स्पष्ट फायदा दिसला नाही. मात्र ज्यांना पूर्वी कधीच उपचार मिळाला नव्हता, अशा मोठ्या मुलांत तो काही प्रमाणात दिसला. जेथे मुले उशिरा तपासली जातात, त्या प्रदेशांसाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

ब्रिटनमधील संशोधकांनी पट्टीत सूक्ष्म विद्युत्‌ नोंदयंत्र बसवून ती प्रत्यक्ष किती तास लावली जाते, ते मोजले. सांगितलेल्या वेळेच्या साधारण निम्मा वेळच ती डोळ्यावर असे. सुमारे १२० तासांच्या झाकणीमागे तक्त्यावरील एका ओळीइतका फायदा होतो, असा हिशेब २००४ मध्ये त्यांतून निघाला. औषधाची मात्रा मोजावी तशी झाकणीची मात्रा प्रथमच मोजली गेली. उपचार थांबविल्यावर वर्षभरात सुमारे चौथा हिस्सा मुलांत नजर पुन्हा घसरते, आणि दीर्घ तासांची झाकणी एकाएकी बंद केल्यास घसरण अधिक होते, हेही याच काळात कळले. उलट, लहान मुलाचा चांगला डोळा देखरेखीवाचून फार काळ झाकला, तर तोच मंद होण्याचा संभव असतो. म्हणून दिवसभर पट्टी असताना वयाच्या दर वर्षामागे एक आठवडा, अशा अंतराने तपासणी करण्याचा प्रघात पडला.

अलीकडे संगणकीय खेळांनी दोन्ही डोळ्यांना एकत्र काम करावयास लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८५ मुलांच्या चाचणीत असा खेळ पट्टीच्या बरोबरीचा आहे असे सिद्ध होऊ शकले नाही; खेळ असूनही मुलांना त्याचा कंटाळा आला व सांगितलेल्या वेळेच्या तीनचतुर्थांशाहून अधिक वेळ तो खेळणारी मुले चौथ्या हिश्श्याहूनही कमी निघाली. आभासी चित्रे दाखविणाऱ्या शिरोपकरणास अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली आहे.

महाराष्ट्र व मराठवाडा : भारतात अंधत्वाविरुद्धचे कार्य दीर्घकाळ मोठ्या व उघड दिसणाऱ्या रोगांभोवती केंद्रित राहिले. खुपरीविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६३ मध्ये, मुलांना जीवनसत्त्व अ देण्याचा १९७० मध्ये आणि राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. या शेवटच्या कार्यक्रमाचा भर साहजिकच मोतीबिंदूवर होता. त्यात मंददृष्टीकडे दुर्लक्ष होण्याचे एक कारण व्याख्येतच दडलेले आहे. अंधत्वाची गणना अधिक चांगल्या डोळ्यावरून होते. ज्याचा एक डोळा उत्तम आहे व दुसरा जवळजवळ निकामी, तो मनुष्य अंधांच्या कोणत्याही आकड्यात येत नाही. २०१७ मध्ये भारताने अंधत्वाची मर्यादा बदलली, तरी ही पद्धत तशीच राहिली. अशा माणसाला खोलीचे अचूक ज्ञान होत नाही, सैन्य, रेल्वे व पोलीस यांसारख्या नोकऱ्यांत अडचणी येतात, आणि अपघाताने वा रोगाने चांगला डोळा गेल्यास तो खरोखरच अंध होतो. मंददृष्टी असलेल्या व्यक्तीचा चांगला डोळा आयुष्यात निकामी होण्याचा धोका ब्रिटनमधील एका पाहणीत (२००२) निदान १·२ टक्के आढळला. शेती व यंत्रकाम यांत डोळ्यास इजा होण्याचे प्रसंग वारंवार येतात, हे ध्यानात घेता हा धोका उपेक्षणीय नव्हे.

छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंत औरंगाबाद) व सबंध मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आधुनिक वैद्यकाचे शिक्षण त्या काळी हैदराबाद शहरात एकवटलेले होते. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला डॉक्टर होण्यासाठी तिकडे जावे लागे व अवघड रुग्णालाही पुष्कळदा तीच वाट धरावी लागे. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पाणचक्कीच्या परिसरातील या महाविद्यालयाचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने साऱ्या मराठवाड्यात ओळखले जाते. नेत्रविभाग असलेले मोठे सार्वजनिक रुग्णालय या प्रदेशाला त्यामुळे घराजवळ लाभले. तथापि, मोतीबिंदूचा रुग्ण एकदा येऊन शस्त्रक्रिया करवून जातो, तसे पट्टीच्या उपचाराचे नसते. दर सहा-आठ आठवड्यांनी मुलाला तपासणीस आणावे लागते. सोयगाव, कन्नड किंवा वैजापूर तालुक्यातील गावाहून मुलाला घेऊन येणाऱ्या आईची दर खेपेस एक दिवसाची मजुरी बुडते. उपचार फुकट असला, तरी तो स्वस्त नसतो.

नेत्रशिबिरांची परंपराही येथे थोडी अपुरी पडते. शिबिर गावात येते, शस्त्रक्रिया करते व निघून जाते. मंददृष्टीला पाहिजे असतो तो वर्षभर डोळ्यावर लक्ष ठेवणारा कोणीतरी. महाराष्ट्राच्या बाबतीत या दिशेने महत्त्वाचे पाऊल म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम होय. त्याचा देशव्यापी प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर (तत्कालीन ठाणे जिल्हा) येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची फिरत्या पथकांकडून तपासणी करणे, ही त्याची योजना आहे. अंगणवाडीतील मुले वर्षातून दोनदा व शाळेतील मुले एकदा तपासली जावीत, असे तीत अभिप्रेत असून तपासावयाच्या अवस्थांत दृष्टिदोषांचा समावेश आहे. यांतील अंगणवाडीचा भाग मंददृष्टीच्या दृष्टीने कळीचा आहे. अंगणवाडीत येणारे मूल तीन ते सहा वर्षांचे असते, आणि पट्टीचा सर्वाधिक उपयोग होतो तेही वय हेच. मात्र तक्ता वाचता न येणाऱ्या मुलाची नजर तपासणे हे कौशल्याचे काम आहे. त्यासाठी इंग्रजी ई या अक्षराचे पाय कोणत्या दिशेला आहेत, ते बोटांनी दाखविण्याचा तक्ता वापरतात, व एकेक डोळा झाकूनच तपासतात. डोळा झाकताना मुलाने बोटांच्या फटीतून पाहिले, तर मंददृष्टी हमखास निसटते. त्याहूनही लहान मुलात साधी खूण उपयोगी पडते. दुबळा डोळा झाकला, तर मूल शांत राहते. चांगला झाकला, तर ते रडते व हात दूर सारते.

मराठवाड्यापुढील खरी अडचण ऋतुमानाशी निगडित आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर इ. जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुले बरोबर नेली जातात. तपासणी पथक शाळेत यावे तेव्हा मूल पाचटाच्या कोपीवर असते. पावसाळ्यात निदान होऊन पट्टी सुरू झाली, तरी पहिल्या दोन-तीन तपासण्यांनंतर साखळी तुटते. १२० तासांमागे एक ओळ या हिशेबाने पाहता, रोज दोन तासांची पट्टी चार ओळींचा फायदा देण्यास सुमारे आठ महिने घेईल. स्थलांतराचे वर्ष यासाठी पुरत नाही. ज्या गावांत हंगामी वसतिगृहे चालतात किंवा आजी-आजोबा मुलांना मागे ठेवून घेतात, तेथे उपचार चालू राहण्याची शक्यता अर्थातच अधिक असते.

लोकसमजुतींचाही परिणाम होतो. किंचित तिरळा डोळा भाग्याचे लक्षण मानण्याची रीत अनेक घरांत आहे. मूल वाढले की डोळा सरळ होईल, असेही सांगितले जाते. चष्मा लागलेल्या मुलीच्या लग्नाची चिंता घरच्यांना तिच्या पाचव्या वर्षीच वाटू लागते, मग पट्टीची गोष्ट दूरच. शाळेत ‘काणा’, ‘चकणा’ अशी हाक ऐकावी लागते, ती पट्टीवाल्या मुलाला अधिकच ऐकावी लागते. दोन तासांची पट्टी पुरते हे सिद्ध झाल्यापासून ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. शाळा सुटल्यावर, घरी अभ्यासाला बसताना पट्टी लावता येते. पट्टी थेट त्वचेवर चिकटवावी, हा नेत्रतज्ञांचा आग्रह असतो, कारण चष्म्याच्या काचेवर कागद चिकटविला, तर मूल कडेने किंवा वरून डोकावते. मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात घामाने चिकटपट्टी सुटते व कातडीवर पुरळ उठते. अशा वेळी सकाळचे तास निवडणे, रोज पट्टीची जागा किंचित बदलणे किंवा काही काळ पट्टीऐवजी वैद्याने दिलेले ॲट्रोपिनाचे थेंब वापरणे, हे पर्याय उपलब्ध असतात.